भरलेलें पिस्तूल आणि शेजारचा मनुष्य

गोंदिया शहराच्या शेजारीं मुर्री म्हणून गांव आहे. मुलूख धानाचा. कापणी-मळणी आटोपली कीं पोतीं गिरण्यांकडे वाहूं लागतात, आणि त्या दिवसांत रोकडही या हातांतून त्या हातांत फिरत असते. तेथील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तांदळाचा व्यापार करितात. रात्रीं-अपरात्रीं पैसा घेऊन एकट्यानें जाणें-येणें पडतें, म्हणून त्यांनीं रीतसर परवाना काढून एक पिस्तूल घेतलें. शस्त्र घ्यावें कीं न घ्यावें, हें त्यांनीं आम्हांस विचारलें नाहीं. तो निर्णय होऊन गेलेला होता. त्यांचा प्रश्न निराळा होता. सदऱ्याखालीं कमरेला पिस्तूल लावून बाहेर पडतांना एक गोळी आंत चढवून ठेवावी, कीं नुसती काडतुसांची पेटी भरून ठेवावी? एक स्नेही सांगत, 'चढवूनच ठेवा. चोर कांहीं तुम्हांला सवड देणार नाहीं.' थोरले बंधु सांगत, 'घरांत लहान मुलें आहेत, भलतें कांहीं करूं नका.' दोघांचें म्हणणें त्यांस पटत होतें, आणि म्हणूनच ते अडचणींत पडले होते.

प्रथमदर्शनीं हा प्रश्न एखाद्या शस्त्रकारागिराला विचारण्याचा वाटतो. आम्हांसही तसाच वाटला. परंतु जसजसा विचार करावा तसतसा तो नीतिशास्त्राच्या प्रांतांत शिरतो, आणि तेथें त्याचें उत्तर देणारा कारागीर मिळत नाहीं.

ज्यांचा शस्त्राशीं कधीं संबंध आला नाहीं अशा वाचकांसाठीं वस्तुस्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. आजच्या पिस्तुलाच्या मुठींत काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझीन, बसविलेली असते. ती भरलेली असली तरी तेवढ्यानें पिस्तूल सुटत नाहीं. वरचा पोलादी भाग जोरानें मागें ओढून सोडला म्हणजे पेटींतील पहिलें काडतूस वर चढून नळीच्या मुळाशीं असलेल्या घरांत, ज्याला चेंबर म्हणतात त्यांत, जाऊन बसतें. मग चाप दाबण्याचाच काय तो अवकाश. ही ओढण्याची क्रिया सराव असलेला मनुष्य एका क्षणांत उरकतो; परंतु तिला बहुधा दोन हात लागतात. सारा वाद त्या एका क्षणाचा आणि त्या दुसऱ्या हाताचा आहे. जुनी भरमार बंदूक ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें लौकर उमजेल. दारू आणि छर्रे ठासून झाले तरी टोपी चढविल्यावांचून ती बंदूक सुटत नाहीं, आणि शहाणा शिकारी टोपी अगदीं शेवटीं चढवितो. रिव्हॉल्व्हराची तऱ्हा वेगळी. त्यांत फिरत्या चक्राचीं सर्व घरें आधींच भरलेलीं असतात. म्हणून जुन्या घडणीचें रिव्हॉल्व्हर बाळगणारे लोक सहा घरांपैकीं पांचच भरीत आणि घोड्याखालचें घर रिकामें ठेवीत, म्हणजे तें पडलें-आपटलें तरी गोळी सुटूं नये.

आतां प्रथम चढवून ठेवा म्हणणारांची बाजू ऐकूं. ती हलक्या डोक्याच्या लोकांची आहे असें समजणें अन्यायाचें होईल. अमेरिकेच्या मरीन दलांतील एक अधिकारी जेफ कूपर यांनीं पिस्तूल बाळगण्याच्या अवस्थांस क्रमांक दिले, आणि चेंबरांत गोळी, घोडा ताणलेला, सुरक्षेचा खटका लावलेला, या अवस्थेचा त्यांनीं हिरीरीनें पुरस्कार केला. या पंथाचें म्हणणें असें. हल्ला होतो तो हातभर अंतरावरून होतो. त्या वेळीं एक हात हल्लेखोराचा सुरा अडविण्यांत गुंतलेला असेल, किंवा त्याच हातानें आपण आपल्या मुलाला मागें लोटीत असूं. भीतीनें बोटें थरथरत असतां जी क्रिया दिवाणखान्यांत सोपी वाटते ती तेथें फसेल. आणि ज्या शस्त्रानें प्रसंगीं रक्षण व्हावयाचें नाहीं तें बाळगण्याचें पाप तरी कशाला करावें? या शेवटच्या प्रश्नांत बळ आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

योगायोग असा कीं त्याचें एक उत्तर ज्या ठिकाणाहून यावें अशी अपेक्षा नसते तेथून येतें. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत शांघाय शहर खून-दरोड्यांसाठीं कुप्रसिद्ध होतें. तेथील म्युनिसिपल पोलिसदलांत, ज्यांत आपल्याकडील शीख शिपाईही पुष्कळ होते, डब्ल्यू. ई. फेअरबेर्न हे शिक्षणाचें काम पाहत. त्यांनीं आणि त्यांचे सहकारी ई. ए. साइक्स यांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत तेथील पद्धत सांगितली आहे. पिस्तुलाचा सुरक्षेचा खटका कायमचा निकामी करून टाकावयाचा, पेटी भरलेली ठेवावयाची, आणि चेंबर रिकामें. पिस्तूल बाहेर काढतां काढतांच वरचा भाग ओढून गोळी चढवावयाची, आणि ही हालचाल हातांत इतकी मुरवावयाची कीं ती निराळी अशी उरूंच नये. म्हणजे रिकाम्या चेंबराचा आग्रह धरणारे हे कोणी भित्रे गृहस्थ नव्हते. रात्रंदिवस गोळीबारांत वावरणारे लोक होते. पुढें इस्रायलांतही हीच रीत प्रसिद्धीस आली. तेव्हां चेंबर रिकामें असलेलें पिस्तूल म्हणजे निव्वळ लोढणें, हें म्हणणें अनुभवास धरून नाहीं. त्या पद्धतीस सराव लागतो, हें खरें. पण ज्याला सराव करावयाचा नाहीं त्याच्या कमरेला भरलेलें चेंबर असणें हें तर अधिकच भयंकर.

परंतु आम्हांस हा वाद केवळ कौशल्याच्या बळावर जिंकावयाचा नाहीं. क्षणभर असें धरून चालूं कीं चढवून ठेवलेली गोळी तो एक क्षण खरोखरच वांचविते. मग प्रश्न उरतो तो हा, कीं त्या क्षणाची किंमत कोण देतो? लाभ सारा बाळगणाराचा. पण जोखीम? ती त्याच्या शेजारीं असलेल्या प्रत्येकाची. गोंदियाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बांकावर टेकलेली म्हातारी, बाजारांत खेटून उभा असलेला मजूर, लग्नाच्या पंगतींत मांडीला मांडी लावून बसलेला सोयरा, आणि घरीं आल्यावर 'बाबा' म्हणून कमरेला मिठी मारणारें पोर, या सर्वांच्या अंगापासून वीतभर अंतरावर एक चापाचा अवकाश उरलेला असतो. त्यांस कोणी विचारलेलें नसतें. आणि शस्त्र वस्त्राखालीं झांकलेलें असल्यामुळें, विचारावयाचें तर राहोच, बाजूला सरकून बसण्याचीही सोय त्यांना ठेवलेली नसते. उघडी तलवार लटकावून फिरणारा शिलेदार निदान पाहणाऱ्याला सावध तरी करीत असे.

येथें कायद्याची एक गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें आत्मसंरक्षणाचा हक्क दिला, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनें तो ३४ ते ४४ या कलमांत तसाच ठेविला. त्यांतील ४४ वें कलम सांगतें कीं, प्राणावर बेतण्याची वाजवी भीति असतां निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्यावांचून रक्षण होणें शक्य नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हा हक्क पोंचतो. उदाहरण दिलें आहे तें जमावाचें: जिवावर उठलेल्या जमावांत लहान मुलें मिसळलेलीं आहेत आणि गोळी झाडल्यावांचून सुटका नाहीं. हें कलम निष्ठुर वाटतें, पण विचार केल्यास त्याची मर्यादा दिसते. दुसऱ्याच्या जिवाशीं जुगार खेळण्याची मुभा कायद्यानें दिली ती त्या एका प्राणांतिक घटकेपुरती. गोळी चढवून फिरणारा मनुष्य तीच मुभा सकाळच्या चहापासून रात्रीच्या निजेपर्यंत, सगळ्या शांत घटकांवर पसरून घेतो. संकटकाळींचा अपवाद तो आपला नित्यनेम करितो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

हा आक्षेप कल्पनेंतला नाहीं. ३० डिसेंबर २०१४ रोजीं अमेरिकेंतील आयडाहो संस्थानांत, हेडन गांवच्या एका दुकानांत, एक तरुण आई मुलांना घेऊन खरेदीस गेली होती. तिच्या खांद्याच्या पिशवींत पिस्तूल होतें. पिशवीला त्यासाठीं खास कप्पा होता, आणि परवानाही रीतसर होता. तिच्या दोन वर्षांच्या मुलानें तो कप्पा उघडला, आणि त्या मुलाच्या हातून सुटलेल्या गोळीनें ती आई जागच्या जागीं गतप्राण झाली. दोन वर्षांच्या मुलाच्या बोटांत चाप ओढण्याइतकी शक्ति असते. पिस्तुलाचा वरचा भाग मागें ओढण्याइतकी शक्ति मात्र त्याच्या दोन्ही हातांत मिळूनही नसते. ज्या क्षणाला आम्ही वर 'एक क्षण' म्हणालों तो प्रौढ माणसाचा क्षण झाला. त्या मुलाच्या हिशेबीं तीं कांहीं वर्षें होतीं. रिकामें चेंबर म्हणजे धन्याला एका क्षणाचा उशीर आणि लेकराला सात-आठ वर्षांचा, असें हें विषम गणित आहे. आणि तें कोणत्या बाजूनें झुकतें हें सांगण्यास फारशा पांडित्याची गरज नाहीं.

आपल्याकडेही उदाहरणें आहेत. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटे मुंबईंत नामांकित नट गोविंदा यांच्या पायांत त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरांतली गोळी शिरली. रिव्हॉल्व्हर खालीं पडलें आणि सुटलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें. ते वांचले, ही समाधानाची गोष्ट. पण रिव्हॉल्व्हर पडून सुटतें तेव्हां घोड्याखालचें घर भरलेलें असावेंच लागतें. जुन्या लोकांची तें एक घर रिकामें ठेवण्याची चाल किती समजुतीची होती हें अशा वेळीं ध्यानांत येतें. नव्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्यें अडसर असतो खरा. परंतु अडसर झिजतो, तुटतो, आणि तो तुटला आहे हें धन्याला बहुधा मागाहूनच कळतें.

अपघातापेक्षांही अधिक विचार करण्यासारखा शत्रु म्हणजे स्वतःचा राग. परवाना मागतांना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें दरोडेखोर उभा असतो. पण शस्त्र चालतें तें पुष्कळदां ओळखीच्या माणसावर, आणि कधीं कधीं रक्ताच्या माणसावर. २२ एप्रिल २००६ रोजीं सकाळीं वरळींतील राहत्या घरीं प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावानें गोळ्या झाडल्या, आणि ३ मे रोजीं त्यांचें देहावसान झालें. तें पिस्तूल परवान्याचें होतें. मनांत निश्चय करून आलेल्याला एका हालचालीचा अडथळा अडवीत नाहीं, हें आम्हीं प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. पण प्रत्येक राग निश्चयापर्यंत पोंचलेला नसतो. बांधावरून झालेली बोलाचाली, रस्त्यांत गाडीला घासलेली गाडी, वरातींतली हमरीतुमरी, यांत हात कमरेकडे जातो तो मनाच्या आधीं जातो. तेथें पोलाद मागें ओढावें लागलें, त्याचा तो खाड्कन आवाज झाला, तर तेवढ्यांत मन हाताला गांठूं शकतें. निदान दुसऱ्या कोणाला हात धरण्यास अवसर सांपडतो.

महाभारताच्या सौप्तिक पर्वांत हा विषय आमच्या मतें फार खोलवर गेला आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनींही ब्रह्मशिर अस्त्र सोडलें. तीं दोन अस्त्रें एकमेकांस भिडलीं तर सृष्टीचा नाश होईल म्हणून व्यास आणि नारद मध्यें उभे राहिले आणि दोघांस अस्त्र परत घेण्यास सांगूं लागले. अर्जुनानें घेतलें. अश्वत्थाम्यास घेतां येईना. सोडण्याची विद्या त्याच्यापाशीं होती, आवरण्याची नव्हती. शेवटीं तें अस्त्र कोठें गेलें? ज्यांचा त्या वैराशीं कांहीं संबंध नव्हता अशा गर्भांवर गेलें. आजच्या पिस्तुलाची गोळी तर अर्जुनालाही परत घेतां यावयाची नाहीं. मग आवरण्याची जागा उरते ती गोळी सुटण्यापूर्वींची, आणि ती जागा आपण होऊन किती अरुंद करावयाची, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

यावर आमचे कांहीं वाचक प्रतापगडाचा दाखला देतील, हें आम्ही जाणून आहों. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले ते अंगरख्याखालीं चिलखत आणि मुठींत झांकलेलीं वाघनखें घेऊन. शस्त्र गुप्त होतें आणि पूर्ण सज्ज होतें. खानाच्या मिठींत वाघनखें काढण्यास दोन क्षण लागते तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. हें सर्व खरें. पण या दाखल्यांतून निघणारें अनुमान उलट आहे. महाराजांना शत्रु कोण, दिवस कोणता, जागा कोणती, हें ठाऊक होतें. शामियान्यांत उरलेलीं माणसें मोजकीं होतीं, आणि तेथें शस्त्र निघूं शकतें याची जाणीव दोन्ही पक्षांस होती. वाघनखें लावून ते राजगडावर मुलांमाणसांत वावरत असत असें कोणी म्हटलेलें नाहीं. सज्जता ही त्या दिवसाची होती, स्वभावाची नव्हती. मुर्रीहून गोंदियाला जाणाऱ्या व्यापाऱ्यानें सर्वच दिवस प्रतापगडाचे मानले तर रस्त्यांत भेटणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य त्याच्या दृष्टीनें खान ठरेल. अशा दृष्टीचा मनुष्य शस्त्र न काढतांही शेजाराला जाचक होतो.

आणि ज्यांच्यावर खरोखर मृत्यूची छाया होती त्यांचें काय झालें? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना धमक्या येत होत्या आणि त्यांनीं पोलिसांचें संरक्षण नाकारलें होतें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर ते फिरावयास निघाले असतां त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं कोल्हापुरांत असाच हल्ला झाला, आणि चार दिवसांनीं ते गेले. अशा हल्ल्यांत मारेकरी वेळ ठरवून येतो आणि काम करून दुचाकीवरून निघून जातो. त्यापुढें कमरेच्या पिस्तुलाचें चेंबर भरलेलें काय आणि रिकामें काय, फरक पडत नाहीं. ज्या एका क्षणासाठीं हा सारा अट्टाहास, तो क्षण अशा प्रसंगीं मिळतच नाहीं. आणि सामान्य लुटारू समोर येऊन पैसे मागतो तेव्हां शहाणपण पैसे देण्यांतच असतें. मधली जी प्रसंगांची चिंचोळी पट्टी उरते, तिच्यासाठीं वरच्या म्हातारीचा, मजुराचा आणि पोराचा जीव गहाण टाकावयाचा आहे.

शस्त्र बाळगणें हा आपल्या देशांत जन्मसिद्ध हक्क का नाहीं, हेंही येथें पाहण्यासारखें आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं शस्त्रांचा कायदा झाला तो हिंदी प्रजेला निःशस्त्र करण्यासाठीं, अशी त्या पिढीची बोंब होती आणि ती रास्त होती. खुद्द गांधीजींनीं १९३० सालीं व्हाइसरॉयपुढें ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांतही लोकनियंत्रणाखालीं आत्मरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावे अशी एक होती. १९३१ च्या कराची काँग्रेसनें शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पण डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत आपल्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधि हरि विष्णु कामत यांनीं तो हक्क घटनेंत घालण्याची सूचना आणली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला आणि समितीनें ती फेटाळली. १९५९ च्या कायद्यानें मग परवान्याची रीत घालून दिली. याचा अर्थ असा कीं कमरेचें पिस्तूल ही समाजानें विश्वासानें दिलेली ठेव आहे. निवडणूक आली कीं अनेक परवानेवाल्यांना तें ठाण्यावर जमा करावें लागतें, आणि ते आठवडे बहुतेकांचे बिनघोर जातात. हा अनुभव मात्र कोणी चर्चेंत सांगत नाहीं!

कर्तव्यावर असलेल्या शिपायाला आम्ही हा नियम लावीत नाहीं. १९९० मध्यें गडचिरोलींत उभ्या राहिलेल्या सी-६० पथकाचा जवान जंगलांत गस्तीला निघाला तर त्याच्या बंदुकीची अवस्था त्याचा नायक ठरवील. तेथें शेजारीं म्हातारी नसते, आणि जे शेजारीं असतात ते तोच धोका समजून उमजून घेऊन निघालेले असतात. एखाद्या साक्षीदाराला अमुक दिवशीं, अमुक वाटेनें जावयाचें आहे आणि त्या वाटेवर त्याचा वैरी टपला आहे, असेंही घडूं शकतें. त्या दिवसापुरता त्यालाही आम्ही दोष देणार नाहीं. पण तो दिवस संपल्यावर?

कारण एक व्यावहारिक गोष्ट चढवून ठेवा म्हणणारे बहुधा सांगत नाहींत. सकाळीं चढविलेली गोळी रात्रीं उतरवावीही लागते. नाहीं तर भरलेलें चेंबर उशाशीं घेऊन निजावें लागतें. हें चढविणें-उतरविणें, तेंही दिवसभराच्या थकव्यांत, अर्ध्या झोपेंत, रोज एकदां, म्हणजे वर्षांतून तीनशें पासष्ट वेळां. मॅगझीन काढलें कीं पिस्तूल रिकामें झालें, असें समजून चाप ओढणारे आणि चेंबरांत राहिलेल्या गोळीनें दगा खाणारे लोक सर्व देशांत आढळतात. शिस्तीच्या पलटणींत याकरितां वाळूनें भरलेली पेटी ठेवितात आणि तिच्याकडे नळी करूनच शस्त्र रिकामें करावें असा दंडक असतो. २०१६ च्या शस्त्रनियमांनीं परवान्यासाठीं सुरक्षिततेचें शिक्षण घ्यावयास लावलें आहे, तें बरें झालें. पण मुर्रीच्या घरांत वाळूची पेटी नाहीं. तेथें पडवी आहे, पडवीला लागून माजघर आहे, मध्यें एकेरी विटांची भिंत आहे, आणि माजघरांत अंथरुणें घातलेलीं आहेत.